आईची कल्याणची जागा

आमच्या बाळकुमच्या घरात दोन कामं आईशिवाय कुणी करायची नाहीत, असं न ठरवताच ठरून गेलेलं होतं. एक म्हणजे उन्हाळ्यात कुटायला बाया बोलावून वर्षभराचा बाटलीमसाला करून घेणं, आणि दुसरं म्हणजे ऑक्टोबर संपता संपता ठाण्याच्या सिमेट्रीत जाऊन पप्पांच्या घराण्याची कबर घासणं. दोन्ही कामांना ती सारखीच कंबर कसून लागायची. मसाल्याच्या वेळी अंगणात मुसळांचा धाड-धाड आवाज, शिंका, बायांची गाणी. सिमेट्रीत मात्र फक्त काथ्याचा खरखराट आणि तिच्या बांगड्या. ती संगमरवरी लादी नारळाच्या किशीनं, म्हणजे काथ्याच्या बोळ्यानं, आणि राखेनं घासायची, काळ्या दगडाच्या कडेला चुना लावायची, क्रॉसच्या कोपऱ्यांतली वाळकी पानं केसातल्या आकड्यानं काढायची. मी नळावरून बादल्या आणायची. दोन नोव्हेंबरला, म्हणजे ऑल सोल्सला, गेलेल्यांच्या आठवणीच्या दिवशी, सगळे येणार, मेणबत्त्या लावणार, फादर कबरीकबरीवरून पाणी शिंपडत जाणार. त्या दिवशी आपल्या घराची कबर कुणापेक्षा कमी दिसली तर आईला अन्न गोड लागायचं नाही.

ती कबर फार जुनी. पप्पांच्या आजोबांच्याही आधीपासूनची. जमीन एका माणसापुरतीच, पण घरातला प्रत्येक जण तिथंच जायचा. नवा माणूस गेला की कबर उघडायची, आधीच्याची हाडं गोळा करून पायथ्याशी नीट ठेवायची आणि वर नवी पेटी उतरवायची. लादीवर नावांची रांग उतरत आलेली होती. शेवटचं नाव आजीचं, म्हणजे पप्पांच्या आईचं. त्याखाली कोरी जागा.

मी तेव्हा बारावी होऊन घरी बसले होते. नर्सिंगला नाव घातलं होतं, बोलावणं येत नव्हतं. सकाळी उठावं, फाटकापर्यंत जावं, पोस्टमन पुढं निघून गेलेला बघावा आणि परत यावं, असे दिवस चाललेले. पाय नुसते वळवळायचे. त्यामुळे आईबरोबर सिमेट्रीत जायलाही मी एका पायावर तयार होते. त्या वर्षी लादी घासता घासता तिचा हात आजीच्या नावाखाली थांबला. तिनं त्या कोऱ्या जागेवर ओला तळवा ठेवला, मग उचलला. दगडावर हाताचा ठसा उमटला आणि उन्हानं लगेच सुकला.

"सबू, इथं माझं नाव येणार," ती म्हणाली.

"त्याला अजून वेळ आहे गो आई."

"वेळ असू दे. पण मी नाय येणार इथं."

तिनं किशी बादलीत टाकली आणि उरलेली अर्धी लादी न घासताच निघाली. मी तिच्या मागं धावले. असं अर्धं काम टाकून जाताना मी तिला आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

त्या दिवशी जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकट होती. पप्पा कारखान्यातून आलेले, भुकेलेले. आईनं त्यांना वाढलं आणि उभ्यानंच सांगितलं, "मी मेल्यावर मला तुमच्या कबरीत घालू नका."

पप्पांनी घास खाली ठेवला. "काय झालंय तुला? डॉक्टरकडे गेलेलीस काय?"

"मला काय झालेलं नाय. सांगून ठेवते."

"मग कुठं घालायचं? खाडीत?"

"कल्याणला. माझ्या बापाच्या जागेत."

"येडी आहेस का लुसी? बायको नवऱ्याच्या घरच्या कबरीत जाते. सगळ्या जगात जाते."

"लग्न होऊन आले तेव्हापासून तुमच्या आईच्या हाताखाली काढलं मी," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच आम्ही दोघं घाबरलो. "तिनं मला एक घास कधी सुखानं गिळू दिला नाय. मसाल्यात मीठ जास्त, पोटी एकच पोरगी, माहेर रेल्वेच्या चाळीतलं. ती गेली तेव्हा मी तिचं सगळं केलं. वर्षातून एकदा तिची लादी घासते, तेही करीन. पण आता मेल्यावर पण मला नेऊन तिच्याच अंगावर ठेवणार तुम्ही? नाय."

पप्पा वाईट माणूस नव्हते. ते पाणी प्याले आणि न जेवता उठले.

त्या दिवसापासून आई एका जागी बसेना. भाजी चिरता चिरता उठायची, दारात जाऊन उभी राहायची, पुन्हा येऊन विळीवर बसायची. दूध दोनदा उतू गेलं. आता मी डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहते, त्या वेळच्या आईपेक्षा कितीतरी मोठी झालेय, आणि दुपारी कधी कधी मलाही तसंच होतं. काही कारण नसताना उठून गॅलरीत जाते, खाली बघते, परत येते. तेव्हा मला वाटायचं अस्वस्थपणा हा तरुण माणसांचाच मक्ता आहे. आईला पाहून कळलं की तसं काही नसतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती म्हणाली, "चल, कल्याणला जाऊन येऊ." बाळकुम नाक्यावर भिवंडीची एस.टी. धरली, भिवंडीला ती बदलली. आईचे वडील कल्याणला रेल्वेत शंटर होते, यार्डात डबे जोडायचे-सोडवायचे. माझा जन्म व्हायच्या आधीच ते वारले. तिची आई त्याहून आधी, ती लहान असताना. आईला माहेर असं उरलं नव्हतं. एक मोठा भाऊ होता, पास्कल मामा, मोहन्याला कारखान्यात. पण तो कुणाकडे फारसा जायचा नाही आणि कुणी त्याच्याकडे जायचं नाही.

कल्याणची सिमेट्री यार्डाच्या पलीकडे, रूळ टाकले त्या काळातली. काळ्या दगडाची बुटकी भिंत आणि गंजलेलं फाटक. आत साहेब लोकांच्या कबरी, इंजिनाचे ड्रायव्हर, गार्ड, तापानं गेलेली त्यांची लहान मुलं. मग गोव्याची घराणी, मग आमच्यासारखी इथली. सगळं गवतात बुडालेलं. पलीकडे डबे जोडताना होणारा धडाधड आवाज सतत चालू. आई झपाझप चालत होती, नावं वाचत नव्हती. तिला पायांनीच वाट माहीत होती. आणि मग ती थांबली.

लादी मधोमध फुटली होती. फटीतून पिंपळ वर आला होता, मनगटापेक्षा जाड. क्रॉस आडवा पडलेला आणि त्यावर एक शेळी पुढचे पाय ठेवून पानं खात होती. आईनं शेळीला हाकललं. मग तिनं पदर खोचला आणि हातानंच पिंपळ ओढायला लागली. तो हललासुद्धा नाही.

आम्ही चर्चमध्ये गेलो. तिथले फादर म्हातारे होते, त्यांना आईचे वडील आठवत होते. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, बसवलं, आणि सांगितलं की ज्या कबरींकडे कुणी बघत नाही त्या या ऑल सोल्सनंतर परत घ्यायचं ठरलंय, जागा कमी पडते म्हणून. कित्येक महिने रविवारच्या मिस्सानंतर वाचून दाखवलं होतं. तुमच्या घरचं कुणी आलं नाही.

"मी आलेय ना," आई म्हणाली.

"तू लग्न होऊन ठाण्याला गेलीस, बाई. तुझी जागा तिकडे आहे. इथला हक्क मुलाकडे जातो. पास्कलला येऊन एक शब्द सांगू दे, की आम्ही ही जागा ठेवतोय आणि लुसी बघेल. माझी काही हरकत नाही."

तिथूनच आम्ही टांगा करून मोहन्याला गेलो. मामा क्वार्टरच्या पायरीवर सायकल उलटी करून बसला होता. उंच, रुंद, कमी बोलणारा माणूस. मामीनं आम्हाला बघून चटकन चहा टाकला, वर आग्रहानं तळलेले, पावासारखे फुगे खायला दिले, आदल्या दिवशी कुणाच्या तरी बाप्तिस्म्याचे उरलेले. आईनं सगळं सांगितलं. मामा चाकाच्या तारा एकेक करून आवळत होता.

"जाऊ दे ती जागा," तो म्हणाला. "मिळू दे दुसऱ्या कुणाला."

"जाऊ दे? बापाची कबर हाय ती!"

"म्हणूनच म्हणतो."

"तुला काही करायला नको पास्कल. फक्त येऊन सांग. साफसफाई मी करीन, चुना मी लावीन."

"मी येणार नाय."

मामी मध्ये पडली, "अवो, एवढी लांबून आलीय ती, एक शब्दच सांगायचाय ना?" कारखान्याचा भोंगा झाला. मामा उठला, हात पुसले आणि म्हणाला, "चला, टांग्यापर्यंत सोडतो."

पुढं जे बोलणं झालं ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता आई नाही, मामा-मामी नाहीत. शब्द मोडतेय हे कळत होतं, म्हणून मामाच्या धाकट्या मुलाला मी आधी सगळं सांगितलं. तो म्हणाला, ताई, लिही. म्हणून लिहितेय.

रस्त्यात मामा थांबला. मी दोन पावलं मागं होते. तो म्हणाला, "लुसी, तुला माहीत नव्हतं असं नको सांगू."

"काय माहीत नव्हतं?"

"ड्यूटीवरून आला की तो मला काय करायचा ते. पडवीच्या खांबाला बांधायचा. पट्ट्यानं. माझी चूक असो-नसो. आई गेल्यापासून रोज. तू आत असायचीस."

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा माझ्यासाठी खारी आणायचे रे. रुमालात बांधून."

"आणायचा," मामा म्हणाला. "मी कुठं नाय म्हणतो? तुझ्यासाठी आणायचाच."

टांगेवाल्यानं हाक दिली. आम्ही चढलो. मामा वळून न पाहता निघून गेला. कल्याणपर्यंत, भिवंडीपर्यंत, बाळकुमपर्यंत आईचा अंगठा दुसऱ्या हाताच्या तळव्यावर सारखा घासत होता, जणू तिथं काही चिकटलंय.

मला वाटलं आता ती हा नाद सोडेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोयता घेऊन पुन्हा निघाली. मी विचारलं, "आता कशाला?" ती म्हणाली, "मला बसवत नाय." ऑल सोल्सला आठवडाच उरला होता. आम्ही रोज जायचो. गवत कापलं, क्रॉस धुतला, माती उपसली. पिंपळाचं खोड तिनं कोयत्यानं तोडलं, पण मूळ लादीखाली घट्ट बसलेलं. ते निघाल्याशिवाय लादी बसत नव्हती. पप्पा या सगळ्यावर काही बोलत नव्हते. एका सकाळी मात्र दाराशी गोणपाटात गुंडाळलेली पहार उभी करून ठेवलेली दिसली. आईनं ती उचलली आणि खांद्यावर घेतली. एस.टी.च्या कंडक्टरनं कुरकुर केली, तर त्याच्याशी भांडली.

शेवटचा दिवस होता. ऊन रणरणत होतं. आई पहार मारत होती, ती नुसती टणटण उडत होती. मी सहज वर पाहिलं तर फाटकाबाहेर मामा. कारखान्याच्या कपड्यांत, हातात विडी. तो आत येत नव्हता. विडी संपली, त्यानं दुसरी पेटवली. आईनंही त्याला पाहिलं, पण हाक मारली नाही. तिनं पहार मारणं चालू ठेवलं. मग एकाएकी तो फाटक ढकलून सरळ चालत आला आणि तिच्या हातातून पहार घेतली.

तो जे करत होता त्याला खोदणं म्हणता येणार नाही. तो त्या मुळाशी मारामारी करत होता. प्रत्येक घावाला त्याच्या घशातून आवाज निघत होता. लादीचे टवके उडत होते. आई घाबरून म्हणाली, "पास्कल, हळू. बाबा आहेत खाली."

"माहीत हाय मला कोण हाय खाली," तो म्हणाला आणि आणखी जोरात घाव घातला.

दुपार कलली तेव्हा मूळ निघालं. मोठं, फाटे फुटलेलं, लालसर मातीनं माखलेलं. ते ओढून काढताना मामा मागच्या मागं बसला आणि बसूनच राहिला. त्याच्या तळहातांची सालं निघाली होती. आईनं बादली आणली आणि तांब्यानं त्याच्या हातांवर पाणी घालत राहिली. तो लहान मुलासारखे हात पुढं धरून बसला होता. यार्डातलं इंजिन शिट्टी देऊन गेलं.

"मी फादरला सांगून येतो," तो म्हणाला. "जागा तुझी. पण मला इथं आणायचं नाय. कुणीही सांगू दे. बायको सांगेल, पोरं सांगतील, फादर सांगतील. त्याच्याजवळ मला ठेवू नको. आणि का, ते कुणाला सांगायचं नाय. माझ्या पोरांना तर नायच."

"नाय आणणार," आई म्हणाली.

"बघ हां."

"सांगितलं ना." तिनं आणखी एक तांब्या ओतला. "मला का कधी बोलला नाहीस रे?"

मामा हातांकडे बघत म्हणाला, "तू खूश असायचीस त्याच्याबरोबर. तेवढं एकच बरं होतं त्या घरात."

आई तिथं मातीत बसली. ती रडेल असं मला वाटलं. पण ती मामाच्या शेजारी नुसती बसून राहिली. पुढं मामा उठून चर्चमध्ये गेला. आम्ही दोघींनी लादीचे दोन तुकडे सरकवून एकमेकांना भिडवले. दुसऱ्या दिवशी त्या कबरीवर मेणबत्त्या लागल्या, फादरांनी पाणी शिंपडलं. मामा आला नाही. पप्पा मात्र आले. मागं उभे राहिले, टोपी हातात घेऊन. ठाण्याची कबर त्या सकाळी आईनं आधीच लख्ख करून ठेवली होती.

मला नर्सिंगचं बोलावणं आलं, मी हॉस्टेलला गेले, मग नोकरीला लागले. आई दर वर्षी दोन्हीकडे जात राहिली. आणि मग मामा वारला. छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मी सुट्टी काढून घरी आले तर ओट्यावर मामी बसलेली, बरोबर तिचा मोठा मुलगा. मोहन्याकडे त्यांची स्वतःची जागा नव्हती. चर्चच्या तात्पुरत्या कबरीत ठेवलं तर काही वर्षांनी उकरून दुसऱ्याला देतात. मामीनं आईचे दोन्ही हात धरले होते.

"कल्याणला त्यांच्या बापाजवळ ठेवू या ना. आम्हाला पण येऊन बसायला एक जागा होईल."

"नाय," आई म्हणाली.

मामीला वाटलं तिनं नीट ऐकलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. आई पुन्हा म्हणाली, "नाय. मला जमणार नाय."

"सख्खा भाऊ तुमचा! त्याच्याच शब्दानं मिळाली ना ती जागा तुम्हाला?"

"हो."

"मग का नाय?"

पप्पा आतून बाहेर आले, म्हणाले, "लुसी, हे काय चाललंय?" ती दाराची चौकट धरून उभी होती. बोटं पांढरी पडली होती. माझ्या ओठांपर्यंत सगळं आलं होतं. तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मी गिळलं. मामी उठली. जाता जाता म्हणाली, "मेल्यावर पाय पसरायला सगळी जागा एकटीला पाहिजे तुला. घे. झोप एकटी."

मामाला तात्पुरत्या कबरीत पुरलं. आई सगळ्यांच्या मागं उभी होती, मामीनं तिच्याकडे पाठ केली. ही गोष्ट मोहन्यापासून बाळकुमपर्यंत पसरली. पुढं मामाच्या मुलांच्या लग्नांची आमंत्रणं आली नाहीत. नाताळात ताटं जायची-यायची बंद झाली. चर्चच्या पायऱ्यांवर बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या. मी एकदा चिडून म्हटलं, "सांगून टाक ना एकदाचं!" आई म्हणाली, "त्यानं सांगू नको म्हटलं. आता तो हो म्हणायला हाय कुठं?"

पप्पा तिच्या आधी गेले. ते ठाण्यात, आपल्या आईजवळ. आईनं त्यांच्यासाठी ती कबर उघडताना स्वतः उभं राहून सगळं करून घेतलं. मग ती थकली, माझ्याकडे डोंबिवलीला आली. अंथरुणावरसुद्धा तिला चैन नसायचं. या कुशीवरून त्या कुशीवर. मी एकदा धीर करून विचारलं, "आई, मामाचं ते सगळं कळल्यावरही तुला तिथंच जायचंय? आजोबांजवळ?"

ती उताणी झाली. "हो," ती म्हणाली. "मला त्यांना विचारायचंय."

आम्ही तिला कल्याणला ठेवलं. आता यार्डाच्या कडेनं इमारती उभ्या राहिल्यात, सिमेट्रीच्या भिंतीला पत्रे लागलेत. माणसं थोडीच होती. पेटी उतरली आणि माती टाकायची वेळ आली, तेव्हा फाटकातून मामी आली. फार म्हातारी झालेली, धाकट्या मुलाच्या दंडाला धरून. मी पुढं झाले नाही, मला कळेना काय करावं. ती हळूहळू कबरीपर्यंत आली, वाकली, मूठभर माती घेतली आणि टाकली. मग माझ्याजवळ आली.

"सबीना," ती म्हणाली, "पास्कलनं मला सांगितलेलं. एकदा तापात होता तेव्हा. मला कल्याणला नेऊ नको म्हणून. मला वाटलं बडबडतोय. मी मानलं नाय. आणि तुझ्या आईला काय काय बोलले मी."

मी तिचा हात धरला.

"का, ते नाय सांगितलं त्यानं. तुला माहीत हाय?"

"हो, मामी."

तिनं एकदा कबरीकडे पाहिलं. माणसं फावड्यांनी माती लोटत होती.

"मग नको सांगू," ती म्हणाली.

आणि माझा हात तसाच धरून, कबर भरून होईपर्यंत ती माझ्या शेजारी उभी राहिली.